भावाच्या गाठीत ‘एटीआरएक्स लॉस’ आहे, म्हणजे घराण्यात आजार आहे का?

प्रश्न: मी तासगाव तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या धाकट्या भावाच्या (वय ३४, साखर कारखान्यात फिटर, आजवर ठणठणीत) मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन मिरजेत झालं. रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट, ग्रेड २, एटीआरएक्स: लॉस ऑफ एक्स्प्रेशन, पी५३: स्ट्राँग पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. मोबाइलवर एटीआरएक्स शोधलं तर मतिमंद मुलगे, थॅलेसेमिया, एक्स गुणसूत्र, आईकडून येणारा आजार असं काय काय निघालं. आमची बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे आणि ती आत्याच्या मुलाला दिलेली आहे. घरात सगळे हादरलेत. हे प्रथिन शरीरात नेमकं करतं काय? ते गेल्यानं एकाला थॅलेसेमिया, एकाला मतिमंदत्व आणि एकाला गाठ, असं कसं? बहिणीच्या बाळाला धोका आहे का?

उत्तर:

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरातल्यांची झोप त्यानंच उडवली आहे. या रिपोर्टवरून बहिणीच्या बाळाला एटीआरएक्सचा आजार होईल असं म्हणायला कसलाही आधार नाही. त्यासाठी तिचं रक्त तपासायची गरज नाही आणि पोटातल्या बाळाची तपासणी तर अजिबातच नको.

हे नुसतं धीर द्यायला लिहीत नाही. पुरावा भावाच्या काचेवरच आहे. मी मिरजेत पॅथॉलॉजी करते आणि अशा काचा रोजच्या कामात बघते. गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवायचे आणि एटीआरएक्सला चिकटणारी अँटिबॉडी त्यावर टाकायची. प्रथिन जिथे असेल तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तिथे निळं राहतं. भावाच्या काचेवर गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी आहेत. पण त्याच गाठीतून रक्तवाहिन्या जातात, मधेच एखादी निरोगी चेतापेशी अडकलेली असते, चार-दोन लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) असतात. त्या सगळ्यांची केंद्रकं तपकिरी असायलाच हवीत. तशी दिसली तरच आम्ही ‘लॉस’ असं लिहितो, एरवी नाही. ती तपकिरी रक्तवाहिनी म्हणजे तुमच्या भावाची जन्मापासूनची पेशी, आणि तिच्यात प्रथिन आहे. निळ्या पेशी या सगळ्या एकाच पेशीच्या लेकी. त्या एका पेशीत हा जनुक पुढे केव्हातरी बिघडला. तो बिघाड गाठीपुरता आहे. आईत नाही, भावंडांत नाही.

तुम्ही विज्ञानाचे शिक्षक आहात, तेव्हा पुढची शंका तुम्हाला येईलच. जन्मजात बिघाडात प्रथिन पूर्ण नाहीसं होत नाही, थोडंफार उरतं आणि रंगही घेऊ शकतं. मग तपकिरी रक्तवाहिनी बघून निश्चिंत कसं व्हायचं? शंका रास्त आहे. तिचं उत्तर तुमचा भाऊ स्वतःच आहे. एटीआरएक्सचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि पुरुषाकडे एक्स एकच. जन्मजात बिघाड असता तर त्याची भरपाई करायला दुसरी प्रत नसते. असा मुलगा बहुधा बोलायलाच शिकत नाही, उशिरा चालतो, त्याला आयुष्यभर सांभाळावं लागतं. चौतिशीपर्यंत कारखान्यात फिटरचं काम करणारा माणूस त्या आजाराचा असू शकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि केंद्रक स्वतः जेमतेम काही मायक्रॉनचं. तो डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या आठ-आठच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो, एका गोळ्याभोवती १४७ बेसजोड्या. डीएनए आणि हिस्टोन मिळून जो ऐवज होतो तो क्रोमॅटिन. पेशीला एखादा जनुक वाचायचा असेल तर तिथलं क्रोमॅटिन सैल करावं लागतं, नको असेल तर घट्ट. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून हिस्टोनचे गोळे सरकवणारी, काढणारी, बदलणारी प्रथिनं असतात, त्यांना क्रोमॅटिन रिमॉडेलर म्हणतात. एटीआरएक्स हे त्यांतलंच एक, २,४९२ अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन.

बहुतेक रिमॉडेलरांचं नाव जनुक उघडण्याशी जोडलं जातं. एटीआरएक्सची मुख्य नेमणूक मात्र बंद ठेवायच्या जागांवर आहे, आणि माझ्या मते हे एक कळलं की बाकीचं सगळं उलगडत जातं. आपल्या डीएनएत प्रथिनं बनवणारा भाग दीड टक्क्याच्या आसपास. निम्म्याच्या आसपास भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराचा आहे: गुणसूत्राच्या कमरेजवळचे लांबच लांब पट्टे, टोकांवरचे टेलोमेर, आणि लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या डीएनएत घुसून बसलेल्या विषाणूंचे अवशेष. हा भाग फेकून देता येत नाही आणि उघडाही ठेवता येत नाही. हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही पाहिली असतील. जमिनीखाली माल भरायचा, तोंड बंद करून मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं माल टिकतो तो त्या लिंपणाच्या जिवावर, आणि ओल शिरली की आतला माल हातचा जातो. २००५ च्या महापुरात ते सांगलीकरांनी पाहिलं. केंद्रकातल्या या बंद भागाला हेटरोक्रोमॅटिन म्हणतात आणि एटीआरएक्स तिथलं लिंपण राखणारा माणूस आहे.

तो बंद जागा ओळखतो कशी, हा या प्रथिनाचा मला सगळ्यात आवडणारा भाग. हिस्टोन एच३ ला एक शेपटी असते आणि तिच्यावर रासायनिक खुणा असतात. नवव्या जागेच्या लायसिनवर (हे एक अमिनो आम्ल) तीन मिथाइल गट असले तर ती बंद जागेची खूण. चौथ्या जागेच्या लायसिनवर मिथाइल असलं तर चालू जागेची. एटीआरएक्सच्या सुरुवातीच्या टोकाला एडीडी नावाचा एक भाग आहे, तो या दोन्ही जागा एकाच वेळी तपासतो. नवव्यावर खूण हवी आणि चौथा कोरा हवा. दोन्ही अटी जुळल्या तरच प्रथिन तिथे घट्ट बसतं. एचपी१ नावाचं दुसरं प्रथिनही त्याला धरून ठेवायला मदत करतं. प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला एटीपी जाळणारं इंजिन आहे. जन्मजात आजाराची बहुतेक म्युटेशनं (जनुकातले बिघाड) याच दोन भागांत सापडतात, एडीडीत किंवा इंजिनात. जागा वाचणं चुकलं काय आणि काम करणं थांबलं काय, परिणाम जवळपास एकच.

बसल्यावर ते करतं काय, याचं उत्तर २०१० च्या सुमाराला आलं. एटीआरएक्सचा एक जोडीदार आहे, डॅक्स. तो हिस्टोन एच३.३ हा एक खास प्रकार सोबत आणतो आणि दोघे मिळून तो टेलोमेरवर आणि कमरेजवळच्या पट्ट्यांवर बसवतात. हे शोध लागले तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण तोवर एच३.३ ही चालू जनुकांची खूण मानली जायची. तोच हिस्टोन बंद जागांवरही लागतो, आणि तिथे तो बसवणारी मंडळी वेगळी असतात, हे तेव्हा कळलं. साधे हिस्टोन पेशी डीएनएची नक्कल करते तेवढ्याच वेळात बसतात. एच३.३ कधीही बसवता येतो, म्हणून जिथे गोळे वारंवार निखळतात अशा जागी त्याचीच गरज पडते.

का निखळतात? कारण या मजकुरात ‘जी’ अक्षराचा सुकाळ असतो. टेलोमेरवर टीटीएजीजीजी हीच सहा अक्षरं हजारो वेळा येतात. असा ‘जी’ने भरलेला एकेरी धागा सुटा झाला की स्वतःवरच दुमडून चार पदरी रचना करतो. ही रचना भक्कम असते. नक्कल करणारी यंत्रणा तिच्यापाशी येऊन अडते, जनुक वाचणारी यंत्रणाही अडते, आणि अडलेल्या जागी डीएनए तुटतो. एटीआरएक्स अशा जागांवर जाऊन बसतं आणि एच३.३ भरून धागा पुन्हा मूळ जागी गुंडाळला जाईल असं बघतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर त्याच्या दुरुस्तीतही त्याचा वाटा आहे. पेशी विभागताना जुळी गुणसूत्रं वेळेपर्यंत नीट जोडलेली राहावीत, झोपलेले जुने विषाणू झोपलेलेच राहावेत, ही कामंही त्याच्या गैरहजेरीत बिघडतात असं उंदरांच्या पेशींत दाखवलं गेलंय.

एवढी पार्श्वभूमी झाली, आता थॅलेसेमिया. या प्रथिनाचा शोधच तिथून लागला. १९८१ मध्ये ऑक्सफर्डचे डेव्हिड वेदरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांच्या रक्तात अल्फा थॅलेसेमियाचा एक प्रकार दिसल्याचं लिहिलं. ही मुलं उत्तर युरोपी वंशाची होती आणि त्या लोकांत अल्फा थॅलेसेमिया जवळजवळ नसतोच. म्हणूनच ते डोळ्यांत भरलं. १९९० च्या सुमाराला लक्षात आलं की हे दोन वेगळे आजार आहेत. काहींच्या सोळाव्या गुणसूत्राचं टोकच तुटलेलं होतं, जिथे अल्फा ग्लोबिनचे, म्हणजे हिमोग्लोबिनच्या दोनपैकी एका प्रकारच्या साखळीचे, जनुक असतात. त्यांचं कोडं सोपं होतं. बाकीच्यांचे ग्लोबिन जनुक मात्र धडधाकट होते. ते सगळे मुलगे होते आणि आजार आईच्या बाजूनं येत होता. १९९५ मध्ये रिचर्ड गिबन्स, डग हिग्ज आणि सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्रावरचा दोषी जनुक पकडला. एटीआरएक्स हे नाव त्या आजारावरूनच आलंय, म्हणून मोबाइलवर शोधलं की गाठीच्या आधी तोच आजार वर येतो. तुमच्या घरातल्या भीतीचं मूळ या नावात आहे.

ग्लोबिनचा जनुक शाबूत आणि तरी प्रथिन कमी, हे कसं? अल्फा ग्लोबिनच्या जनुकांजवळ ‘जी’ने भरलेला, पुन्हा पुन्हा येणारा एक पट्टा आहे. त्याची लांबी माणसागणिक वेगळी असते. एटीआरएक्स तिथे बसतं. ते नसलं तर पट्टा अडचणीचा होतो आणि शेजारचे अल्फा ग्लोबिनचे जनुक मंदावतात. २०१० मध्ये याचा एक सुंदर पुरावा प्रसिद्ध झाला: एकाच म्युटेशनच्या दोन मुलांत थॅलेसेमिया कमी-जास्त का असतो, याचा संबंध या पट्ट्याच्या लांबीशी लागला. पट्टा जितका लांब, तितका जनुक जास्त दबलेला. बीटा ग्लोबिन अकराव्या गुणसूत्रावर असतो, तो या भानगडीत येत नाही. मग बीटा साखळ्या जास्त होतात आणि चार-चार मिळून हिमोग्लोबिन एच तयार होतं.

हे लॅबवाल्यांसाठी सांगते. हिमोग्लोबिन एच बघायला महागडी यंत्रणा लागत नाही. रेटिक काउंटसाठी आपण वापरतो तो ब्रिलियंट क्रेसिल ब्लू रंग ताज्या रक्तात मिसळून कोमट तापमानाला ठेवायचा आणि काचेवर बघायचं. दोषी तांबड्या पेशीत सगळीकडे बारीक एकसारखे ठिपके उठतात. मात्र अशा मुलांत हजारात चार-दोनच पेशी तशा मिळू शकतात, घाईत बघितलं तर सुटतात. आणि काही मुलांत एकही मिळत नाही, म्हणून चाचणी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. मग जनुकाचीच तपासणी लागते. जत, कवठेमहांकाळकडून किंवा सीमेपलीकडून अथणीकडून एखादा मुलगा येतो, बोलत नाही, अंगात ताकद नाही, जननेंद्रियांची वाढ नीट नाही, वरचा ओठ मध्यावर तंबूसारखा उचललेला, सतत लाळ गळते, बद्धकोष्ठ आणि अन्न वर येण्याचा त्रास. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांनी ही स्वस्त चाचणी सांगावी, असा माझा आग्रह असतो. निदान झालं की निदान आईच्या पुढच्या बाळंतपणाचा तरी विचार करता येतो.

त्या आईबद्दल थोडं. ज्या बाईच्या एका एक्सवर हा बिघाड असतो ती सहसा पूर्ण निरोगी असते. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केलेला असतो, साधारण निम्म्या पेशींत एक आणि निम्म्यांत दुसरा. या बायकांत मात्र बहुसंख्य पेशींत बिघडलेलाच एक्स बंद सापडतो. ज्या पेशींत चांगला बंद झाला होता त्या वाढीच्या शर्यतीत मागे पडल्या. तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी.

इथेच नात्यातल्या लग्नाचा मुद्दा संपवते, कारण आपल्याकडे काहीही झालं की आधी त्याच्याकडे बोट जातं. आत्या-मामाच्या मुलामुलींच्या लग्नात धोका वाढतो तो आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते अशा आजारांचा. एक्सवरच्या आजाराला आईची एक प्रत पुरते. नवरा आत्याचा मुलगा असो वा परगावचा, फरक पडत नाही. तुमच्या बहिणीला नात्यातल्या लग्नामुळे सल्ला घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. पाचव्या महिन्याची सविस्तर सोनोग्राफी झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. थॅलेसेमियासाठीची एचपीएलसी ही रक्ततपासणी झाली नसेल तर तीही लगेच. ती बीटा थॅलेसेमियासाठी, जो आपल्याकडे खरोखर सापडतो. भावाच्या गाठीशी त्याचा काही संबंध नाही.

मुलांच्या मेंदूवर एवढा आघात का होतो? गर्भात मेंदूच्या मूळ पेशी अफाट वेगानं विभागतात. विभागणी वेगवान असली की नक्कल करताना त्या अडचणीच्या जागा वारंवार आडव्या येतात. उंदरांच्या पुढच्या मेंदूतून एटीआरएक्स काढलं तेव्हा नव्या चेतापेशी मोठ्या संख्येनं मेल्या आणि मेंदूचं बाह्यपटल लहान राहिलं. शिवाय तयार झालेल्या चेतापेशीतही हे प्रथिन एमईसीपी२ नावाच्या प्रथिनासोबत काम करतं, ज्याच्या बिघाडानं मुलींत रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा आजार होतो. म्हणजे नुकसान पेशींच्या संख्येचंही आणि उरलेल्यांच्या कामाचंही.

आता गाठ. कर्करोगाच्या प्रत्येक गाठीपुढे एक अडचण असते: पेशी दर विभागणीला टेलोमेरचा थोडा तुकडा गमावते आणि टेलोमेर फार आखूड झाले की ती थांबते किंवा मरते. गाठीला अमर व्हायचं तर टेलोमेर लांबवायची काहीतरी सोय लागते. बहुतेक गाठी टेलोमरेज हे एन्झाइम पुन्हा चालू करतात. पण दहा ते पंधरा टक्के गाठी दुसरी वाट धरतात: एका टेलोमेरवरून दुसऱ्याची नक्कल मारून लांबी वाढवायची. या वाटेला एएलटी म्हणतात. दोन टेलोमेरनी एकमेकांची अशी नक्कल मारणं निरोगी पेशीत होऊ दिलं जात नाही, आणि ते रोखणाऱ्यांत एटीआरएक्स आणि डॅक्स आघाडीवर आहेत. २०११ मध्ये स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींचा (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठींचा) जनुकीय अभ्यास आला तेव्हा ४३ टक्के गाठींत या दोघांपैकी एकाचा जनुक बिघडलेला निघाला, आणि अशाच गाठींत एएलटी दिसली. पुढच्याच वर्षी लहान मुलांच्या ग्लिओब्लास्टोमात (मेंदूच्या वेगानं वाढणाऱ्या गाठीत) एच३.३, एटीआरएक्स आणि डॅक्स यांचे बिघाड सापडले. हिस्टोन, तो आणणारा आणि तो बसवणारा, तिघेही एकाच यादीत. एवढी सुसंगत गोष्ट जीवशास्त्रात वारंवार मिळत नाही.

नुसतं एटीआरएक्स गेलं की एएलटी सुरू होते असंही समजू नका. प्रयोगशाळेत ते काढून टाकलेल्या बऱ्याच पेशींत काहीच होत नाही. ते जाणं म्हणजे वाट मोकळी होणं. त्या वाटेला लागायला इतर बिघाडही लागतात. भावाच्या गाठीत ते आहेत. आधी आयडीएच या एन्झाइमचा जनुक बिघडतो आणि पेशीत एक भलतंच रसायन साठून डीएनएवर मिथाइलच्या खुणा वाढत जातात. मग पी५३ जातो (काचेवर तो ‘स्ट्राँग पॉझिटिव्ह’ दिसतो, कारण बिघडलेलं प्रथिन पेशीत साठून राहतं), म्हणजे तुटलेला डीएनए बघून पेशीला थांबवणारा कोणी उरत नाही. आणि एटीआरएक्स गेलं की टेलोमेरची सोय होते. आयडीएच, पी५३, एटीआरएक्स ही त्रयी इतकी ठरलेली आहे की भावाचा रिपोर्ट मला अगदी पुस्तकी वाटतो. त्याच कुळातल्या ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या दुसऱ्या गाठीत टेलोमरेजच चालू असतं, त्यामुळे तिला एटीआरएक्स घालवायची गरज नसते. म्हणूनच हा रंग आम्हाला निदानाला कामी येतो. आयडीएच म्युटंट गाठीत एटीआरएक्स गेलेलं आणि पी५३ जोरात असेल तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा म्हणता येतं, आणि १पी/१९क्यू (पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांचे भाग गळालेत का) ही महागडी वेगळी तपासणी साधारणपणे करावी लागत नाही. ती तुम्हाला कोणी सुचवली असेल तर कशासाठी ते विचारा.

एक बारकावा. एक्सवरचा जनुक असल्यानं पुरुषाच्या पेशीत एकच धक्का पुरतो. बाईच्या पेशीतही एक एक्स आधीच बंद असल्यामुळे चालू एक्सवर धक्का बसला की तिथेही प्रथिन संपतं. त्यामुळे या गाठी बायकांतही होतात आणि त्यांच्याही काचा अशाच निळ्या दिसतात. आणि जन्मजात आजाराच्या मुलांत प्रथिन थोडंफार काम करत राहतं. गाठीत ते बहुधा साफ नाहीसं असतं. एकच जनुक, पण कमी होणं आणि नसणं यांचे परिणाम निराळे, आणि गर्भातल्या पहिल्या पेशीपासून बिघाड असणं आणि तिशीतल्या एका पेशीत होणं हेही निराळं.

याचं तिसरं उदाहरण म्हातारपणी दिसतं. मायलोडिस्प्लासिया या अस्थिमज्जेच्या आजारात क्वचित, बहुतेक वेळा वयस्क पुरुषांत, रक्त बनवणाऱ्या एका मूळ पेशीत एटीआरएक्स बिघडतं. मग सत्तरीच्या माणसात अचानक अल्फा थॅलेसेमिया उगवतो, तांबड्या पेशी बारीक होतात. २००३ मध्ये त्याचं कारण सापडलं. घराण्याशी त्याचाही संबंध नसतो.

घराण्याचा प्रश्न या रिपोर्टवरून विचारायचाच असेल तर तो पी५३ बद्दल विचारा. तोही बहुतेक वेळा गाठीपुरताच असतो. पण तुमच्या रक्ताच्या नात्यात कोणाला तिशी-पस्तिशीत स्तनाचा कर्करोग, लहानपणी हाडाची किंवा स्नायूची गाठ, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा कर्करोग असं काही झालं असेल तर ली-फ्राउमेनी सिंड्रोमचा (पी५३ जन्मजात बिघडल्यानं घराण्यात कर्करोग होण्याचा) विचार करावा लागतो आणि रक्ताची जनुकीय तपासणी सांगावी लागते. असा इतिहास नसेल तर हा विषय सोडून द्या.

भावाच्या उपचाराबद्दल. एटीआरएक्स गेलं हा वाईट शकुन समजू नका. त्यावरून गाठीची जात ठरते, एवढाच त्याचा अर्थ. आयडीएच म्युटंट गाठी आयडीएच शाबूत असलेल्या ग्लिओब्लास्टोमापेक्षा बऱ्याच सावकाश चालतात. एक तपासणी मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा: सीडीकेएन२ए/बी या पेशींची वाढ रोखणाऱ्या जनुकांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार त्याच्या दोन्ही प्रती गेल्या असतील तर गाठ दुर्बिणीखाली कितीही शांत दिसली तरी ग्रेड ४ धरली जाते, आणि उपचाराचा सगळा बेत बदलतो. एटीआरएक्सवर चालणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. आयडीएचवर आहे: व्होरासिडेनिबला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये ऑपरेशननंतरच्या ग्रेड २ गाठींसाठी मान्यता मिळाली. भावाला ते लागू पडतं का, परवडतं का, हे कॅन्सरतज्ज्ञांशी बसून ठरवा. मनात असेल तर पुण्या-मुंबईला दुसरं मतही घ्या.

जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि रंगवलेल्या सगळ्या काचा पावती करून मागून घ्या, एमआरआयची सीडी सोबत ठेवा. तिथले पॅथॉलॉजिस्ट सगळ्यात आधी एटीआरएक्सच्या काचेवर रक्तवाहिन्या तपकिरी आहेत का ते बघतील. ऊतक फॉर्मलिनमध्ये उशिरा किंवा कमी पडलं असेल तर सगळंच निळं दिसतं आणि खोटा ‘लॉस’ वाटू शकतो. तसं असेल तर त्याच ब्लॉकवरून पुन्हा रंगवता येतं. ब्लॉकची दुसरी प्रत नसते, तो हरवला तर गाठीचा तुकडा पुन्हा मिळत नाही. प्रवासात हँडबॅगेत ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर बिलकूल नको, मेण मऊ पडतं.